डायलवर 300 मीटर छापलेलं फर्स्ट कॉपी घड्याळ पावसाळ्यात रोज घालायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भावाने दुबईहून रोलेक्स सबमरीनरची फर्स्ट कॉपी आणली. ऑटोमॅटिक आहे (हाताच्या हालचालीवर चालणारं), हाताला वजनदार लागते, डायलवर ‘1000 फूट = 300 मीटर’ असं छापलेलं आहे. तुम्ही ठाण्याहून रोज लोकलने ये-जा करता आणि जूनपासून मनगट कोरडं म्हणून राहत नाही. तर हे घड्याळ पाण्याला दाद देणार नाही असं करून मिळतं का, त्यात नेमकं काय करावं लागतं, आणि त्यातलं घरच्या घरी काय जमेल?

करून मिळतं. पावसात भिजणं, बेसिनवर हात धुणं, स्कूटरवरून चिंब होऊन घरी येणं, भांडी घासताना काढायचं राहून जाणं, एवढ्यापुरतं बहुतेक कॉपी घड्याळ तयार करता येतं आणि खर्चही फार येत नाही. पोहण्याच्या तलावात, समुद्रात किंवा गिझरच्या कढत पाण्याने आंघोळ करताना ते घालायला मात्र मी कुणालाच सांगत नाही, टेस्टमध्ये पास झालं तरी. शिवाय हे काम घड्याळ पहिल्यांदा ओलं व्हायच्या आधी करून घ्यायचं असतं. जुलैत माझ्याकडे येणारी बहुतेक कॉपी घड्याळं काचेखाली वाफ धरल्यावरच येतात, आणि तोवर प्रश्न पाणी अडवणाऱ्या रबराच्या रिंगेचा उरलेला नसतो, मशीनचा झालेला असतो.

आधी त्या 300 मीटरचं बघू. खऱ्या घड्याळावरचा आकडा चाचणीतून आलेला असतो. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे मानक आहे. त्यात प्रत्येक नग वेगळा तपासावा लागतो, तोही लिहिलेल्या दाबाच्या 25 टक्के वरच्या दाबाला. रोजच्या वापरातल्या घड्याळांसाठी 2010 सालचं आयएसओ 22810 आहे. त्यात नमुन्यादाखल नग तपासले तरी चालतात. पाण्याखाली दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब वाढतो, म्हणून 300 मीटर म्हणजे 30 बार. हा दाब प्रयोगशाळेतला, स्थिर आणि नव्या रबरावरचा असतो. कॉपीवर तोच आकडा डायलच्या छपाईबरोबर येतो. बनवणाऱ्याचं सगळं लक्ष समोरून दिसणाऱ्या गोष्टींवर असतं: बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याचा रंग, काट्यांचा चकाकता मसाला, पट्ट्याची पॉलिश. आतली रिंग कुणी बघणार नसतं, त्यामुळे ती कोरडी, वाकडी किंवा चक्क नसलेलीही सापडते. विक्रेत्याने कॉपीचा दर्जा ‘सेव्हन ए’ म्हटलेला असो की आणखी काही, त्या शब्दाचा पाण्याशी संबंध नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या घड्याळांच्या केस, म्हणजे बाहेरची धातूची कवचं, अलीकडे बऱ्याच चांगल्या कोरलेल्या असतात. स्टील बहुधा 316एल या चांगल्या प्रतीचं असतं, मागच्या झाकणाचे आटे स्वच्छ असतात, रिंगेसाठी खाच व्यवस्थित पाडलेली असते. म्हणजे पाणी अडवायला लागणारा साचा जागेवर असतो. त्यात योग्य मापाचं रबर नीट बसवून, ते खरंच अडवतंय का हे कुणी तपासलेलं नसतं. आपल्याला करायचं ते एवढंच. घड्याळावर लावायचा कसलाही लेप किंवा फवारा नसतो. कुणी ‘वॉटरप्रूफ कोटिंग मारून देतो’ म्हणालं तर तिथून निघा.

पाणी तीन ठिकाणांहून आत जातं: चावी, मागचं झाकण आणि काच. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ असेल तर बटणांची भर. यात सगळ्यात जास्त त्रास चावीचा, म्हणजे कॅटलॉगात ज्याला क्राउन म्हणतात तिचा. झाकण आणि काच एकदा बसली की हलत नाहीत. चावी ओढली जाते, फिरते, दाबली जाते, आणि तिच्या आतल्या रबराला दर वेळी घासून जावं लागतं. घड्याळ पाण्यापासून वाचवण्याचा सगळा इतिहास चावीभोवतीच फिरला आहे. 1925 साली पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोन स्विस कारागिरांनी आट्याने घट्ट बसणाऱ्या चावीचं पेटंट घेतलं. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने ते विकत घेतलं आणि 1926 मध्ये ऑयस्टर केस बाजारात आणली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू ते घड्याळ जवळ घेऊन इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे तिला ते पोहणं अर्धवट सोडावं लागलं, घड्याळ मात्र चालू राहिलं. तुमच्या हातातल्या कॉपीची चावी त्याच कल्पनेची नक्कल आहे.

सबमरीनरच्या खऱ्या चावीवर छापाखाली तीन ठिपके असतात. 1970 साली आलेल्या ट्रिपलॉक पद्धतीची ती खूण, म्हणजे आत अनेक ठिकाणी रबर आहे असं ती सांगते. कॉपीवर ठिपके हमखास असतात, आतलं रबर असेलच असं नाही. हे तुम्ही आत्ता स्वतः बघू शकता. घड्याळ टेबलावर मऊ कापडावर ठेवा, चावी डावीकडे फिरवून आट्यांतून सोडवा, बाहेर उसळू द्या. केसमधून आलेल्या नळीवर आटे दिसतील आणि त्यांच्याजवळ काळी रबरी रिंग दिसायला हवी. नळीच्या तोंडाच्या आतही भिंगातून रबर दिसलं पाहिजे, नाहीतर चावीच्या पोटात तरी. कुठेच काही नसेल तर ती चावी फक्त आट्यांच्या भरवशावर आहे, आणि आटे पाणी अडवत नाहीत. मग चावी नखाने वर-खाली हलवून बघा. चावीबरोबर नळीसुद्धा हलत असेल तर नळी नुसती दाबून किंवा गोंदाने चिकटवून बसवलेली आहे आणि तिची पकड सुटली आहे. शेवटी चावी परत दाबून, आधी उलट्या दिशेला अलगद फिरवून आटा जागेवर पडल्याची खूण बोटाला लागू द्या आणि मग उजवीकडे कसा. पूर्ण कसल्यावर चावी आणि केस यांच्यात चहूबाजूंनी सारखी फट दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर आटा वाकडा चढलाय. सगळीकडे जास्त दिसली तर स्टेम, म्हणजे चावीपासून मशीनपर्यंत जाणारी बारीक दांडी, लांब कापली गेली आहे आणि चावी शेवटपर्यंत जाऊन रबरावर बसतच नाही. कॉपीमध्ये हा दोष मी वारंवार पाहतो, कारण मशीन एका ठिकाणचं, केस दुसऱ्या ठिकाणची आणि स्टेमची लांबी अंदाजाने.

घड्याळजीकडे गेल्यावर स्टेम बाहेर निघाली की ती पांढऱ्या कागदावर फिरवून बघायला सांगा. नळीच्या अगदी आतल्या बाजूला जो भाग येतो तिथे तपकिरी रेघ उमटली तर चावीतून ओल आत येऊ लागली आहे. काचेवर वाफ दिसायच्या कितीतरी आधी ही रेघ दिसते. मशीन वरून चकचकीत असलं तरी मी या कागदावर जास्त विश्वास ठेवतो.

चावी खराब निघाली तर दोन रस्ते. आतली रिंग तेवढी बदलता येत असेल तर बदलायची. येत नसेल तर आपल्या मशीनच्या स्टेमच्या आट्यांना बसणारी, आत रबर असलेली नवी चावी आणि तिच्याच जोडीची नवी नळी घ्यायची. चावी आणि नळी कायम जोडीने बदलायच्या. जुन्या नळीवर नवी चावी चढवली की आट्यांचं जमत नाही. मशीन कोणतं हे उघडल्यावर कळतं. अशा घड्याळांत बहुधा डीजी 2813, मियोटा 8215 किंवा ईटीए 2824ची चिनी नक्कल निघते. मी कॉपीसाठी कंपनीचा छाप असलेली चावी मागवत नाही आणि तुम्हीही मागू नका. साधी, बिनछापाची चांगली चावी लावून घ्या. खोट्या छापाचा माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. आणि रिंग चांगली असली की छाप असो वा नसो, पाणी अडतंच.

आता मागचं झाकण. इथे काम सोपं आहे, पण मापात चूक केली की सगळं वाया. रिंगेची जाडी आणि तिच्या खाचेची खोली यांचं गणित जमावं लागतं. झाकण कसल्यावर रिंग तिच्या जाडीच्या साधारण पाचव्या ते चौथ्या भागाइतकी दबली पाहिजे. समजा खाच 0.6 मिलिमीटर खोल आहे. 0.8 ची रिंग घातली तर ती पाव दबते, उत्तम. 0.7 ची घातली तर जेमतेम सातवा भाग दबेल, आज टेस्ट पास होईल आणि रबर थोडं थकलं की गळेल. ‘जाड ती चांगली’ म्हणून 1.0 ची घातली तर रिंग खाचेत मावत नाही, कडेने बाहेर येते आणि आट्यांत चिरडली जाते. व्यासही तितकाच महत्त्वाचा. लहान रिंग ताणून बसवली की ती बारीक होते, मोठी घातली की कुठेतरी लाट येते. म्हणून जुन्या रिंगेचं माप घेऊन चालत नाही, ती दबून चपटी झालेली असते. खाचेचं माप व्हर्नियरने घ्यावं लागतं. सगळ्या मापांच्या रिंगा एकत्र टाकलेल्या डब्यातून हाताला लागेल ती रिंग काढून घालणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

दुसरा त्रास रिंग पिळवटण्याचा. आट्याचं झाकण फिरतं तेव्हा ते रबरालाही बरोबर ओढतं. रिंग कोरडी असेल तर एका जागी सुरकुतते आणि पाणी नेमकं तिथून वाट काढतं. रशियन व्होस्टोक कंपनीने 1967 साली ॲम्फिबिया घड्याळ काढलं तेव्हा त्यावर सुंदर तोड काढली. झाकण फिरतच नाही, ते खाचेत सरळ बसतं आणि वरून वेगळी कडी आट्याने कसली जाते. रबर फक्त वरून दाबलं जातं, आणि पाण्याचा दाब वाढेल तसं झाकण रबरावर अधिकच घट्ट बसतं. आपल्या कॉपीत तशी रचना नाही, म्हणून सिलिकॉन ग्रीस लागतं. ग्रीस पाणी अडवत नाही. ते रबराला सरकू देतं आणि सुकू देत नाही. दोन स्पंजांच्या मध्ये रिंग ठेवून एकदा दाबली की जेवढी चमक येते तेवढं पुरे. बोटाने थापलेलं ग्रीस आत पसरतं, धूळ धरतं आणि कधी डायलच्या कडेपर्यंत जातं. रिंग स्वतःच सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. काळ्या नायट्राइल (एक कृत्रिम रबर) रिंगेला ते चालतं. नव्या कामासाठी मी नायट्राइलच वापरतो: स्वस्त, सहज मिळणारं आणि घामाला टिकणारं.

रिंग घालण्याआधी खाच भिंगाखाली बघितलीच पाहिजे. जुन्या घामाचा आणि साबणाचा काळपट थर लाकडी काडीने काढायचा, धातूच्या टोकाने नाही. स्टीलवर बारीक खड्डे पडलेले असतील, विशेषतः समुद्राचं पाणी एकदा लागून गेलेल्या घड्याळात, तर रबर त्या खड्ड्यांत उतरत नाही. हलके असतील तर घासून काढता येतात. खोल असतील तर त्या केसवर पैसे घालू नका.

काचेबद्दल थोडक्यात. या घड्याळात काच आणि केसच्या मध्ये पांढरी नायलॉनसारखी रिंग असते आणि बेझलखालची धातूची कडी तिला आवळते. बेझल काढून भिंगातून पाहिलं की ती रिंग सगळीकडे सारख्या उंचीची दिसायला हवी. कापलेली किंवा एका बाजूला वर आलेली दिसली तर बदलून काच प्रेसने बसवायची. टेस्टमध्ये काचेकडून बुडबुडे आले नाहीत तर मी काचेला हातही लावत नाही. नीट बसलेली काच उगाच काढण्यात फायदा नाही.

आता ज्या गोष्टीकडे दुकानांतही फार कमी लक्ष दिलं जातं ती सांगतो. मुंबईत, ठाण्यात, कोकणात आणि गोव्यात ती सगळ्यात जास्त नडते. घड्याळ अगदी चोख बंद केलं तरी आतल्या हवेत ओल राहून जाते. जुलैच्या दुपारी दुकानात हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर त्या हवेतल्या बाष्पाचं 27 अंशांच्या आसपासच पाणी होऊ लागतं. अशा हवेत झाकण लावलेलं घड्याळ घालून तुम्ही 23 अंशांच्या एसी ऑफिसात गेलात की काच थंड पडते आणि आतून धुकं धरतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही पाणी बंद केलं नाही.’ पाणी बाहेरून आलेलंच नसतं, घड्याळजीने स्वतःच्या हाताने आत कोंडलेलं असतं. तेच घड्याळ 24 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत बंद केलं, तर धुकं धरायला काच 13 अंशांपर्यंत थंड व्हावी लागेल, जे आपल्याकडे होत नाही. म्हणून केस, मशीन आणि झाकण सगळं सुटं करून काही तास सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं आणि एसी खोलीत बंद करायचं. शक्य असेल तर हे काम एप्रिल-मेमध्ये नाही, तर डिसेंबर-जानेवारीत करून घ्यावं. तेव्हाची हवा कोरडी असते. पावसाळ्यात करायचंच असेल तर घड्याळजीला हा एकच प्रश्न विचारा: झाकण कुठे बसून लावता?

यानंतर टेस्ट. टेस्टशिवाय वरचं सगळं काम अंदाजाचं आहे, मग ते मी केलेलं असो की आणखी कुणी. यंत्रं दोन प्रकारची असतात. कोरड्या टेस्टमध्ये घड्याळ हवेच्या डब्यात ठेवतात, हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि काच किती फुगते किंवा दबते हे संवेदक मोजतो. केस हवाबंद असेल तर काच त्या आकारात टिकून राहते. गळत असेल तर हळूहळू मूळ जागी येते. घड्याळाला पाण्याचा थेंबही लागत नाही, पण गळती कुठे आहे हे कळत नाही. ओल्या टेस्टमध्ये काचेच्या नळकांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी असतं. घड्याळ पाण्याच्या वर टांगून आत हवा भरतात, समजा 3 बारपर्यंत. काही मिनिटं थांबायचं. गळती असेल तर दाबाखालची हवा घड्याळात शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडायचा. आत शिरलेली हवा बाहेर पडताना बुडबुड्यांची माळ लागते आणि ती जिथून निघते ती जागा दोषी. माळ दिसली रे दिसली की दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ पाण्याबाहेर ओढायचं. उशीर झाला तर आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो आणि मग पाणी आत जातं. पट्ट्याच्या कड्यांतून आणि फिरत्या बेझलखालून काही सुटे बुडबुडे येतातच, ते वरवरच्या हवेचे. एकाच बिंदूतून संथपणे, थांबून थांबून, सारख्या आकाराचे येत राहिले तर ती गळती.

मी आधी रिकामी केस ओल्या टेस्टमध्ये घालतो: मशीन आणि डायल बाहेर, चावी स्टेमसकट नळीवर कसलेली. नापास झाली तरी नुकसान शून्य. ती पास झाल्यावर मशीन बसवून फक्त कोरडी टेस्ट. अनोळखी कॉपी मशीनसकट थेट पाण्यात घालणारा कारागीर तुमच्या मशीनवर जुगार खेळतोय.

घरी यंत्र नसतं, पण दोन तपासण्या जमतात. पहिली प्रत्येकाला जमेल आणि ती मानकातल्या तपासणीवरच बेतलेली आहे. घड्याळ प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालून 40 ते 45 अंशांच्या, म्हणजे हाताला गरम लागेल पण भाजणार नाही अशा पाण्यात अर्धा तास ठेवा. बाहेर काढून कोरड्या काचेच्या मधोमध माठातल्या पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभराने पुसून तिरप्या उजेडात बघा. थेंबाच्या जागी आतून धुक्याचा ठिपका दिसला तर आत ओल आहे. ठिपका नसला म्हणून घड्याळ पाण्याला टिकेल असं मात्र सिद्ध होत नाही. आत आत्ता ओल नाही इतकंच कळतं. दुसरी तपासणी स्टेम सोडवता येणाऱ्यांसाठीच आहे. रिकाम्या केसमध्ये टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा, त्यावर शाईच्या पेनाने चार ठिपके द्यायचे, झाकण आणि चावी कसून केस रात्रभर पेल्यात बुडवून ठेवायची. सकाळी बाहेरून पूर्ण पुसून, पाच-दहा मिनिटं सुकू देऊन उघडायची. ठिपके पसरले नसतील तर पेलाभर पाण्यापुरती केस बंद आहे. पावसाचं आणि नळाच्या धारेचं काम भागायला ही सुरुवात बरी आहे, पण ती दाबाची टेस्ट नाही. स्टेम सोडवायची सवय नसेल तर हात घालू नका. चुकीच्या वेळी ओढली की चावीशी जोडलेल्या आतल्या भागांची जुळणी सुटते आणि डायल-काटे उतरवून सगळं परत लावावं लागतं.

आता घरगुती उपायांबद्दल स्पष्टच सांगतो, कारण त्यांनी बिघडवलेली घड्याळं बघून वाईट वाटतं. काचेच्या कडेला किंवा नळीला फेविक्विकसारखा झटपट गोंद लावू नका. त्याची वाफ बंद केसमध्ये डायलवर आणि काचेच्या आतल्या बाजूला पांढरी साय धरते, आणि ती डायलवरून छपाई न खरवडता निघत नाही. खिडक्यांना लावायच्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉन सीलंटमधून ॲसिटिक ॲसिड सुटतं. मशीनच्या पोलादी भागांजवळ ते नकोच. झाकणाच्या फटीवर नेलपॉलिश फिरवल्याने पाणी काही दिवस थांबल्यासारखं वाटतं, पण कवच तडकल्यावर त्याच्या मागे साठलेली ओल आट्यांत अडकून गंज चढवते. आट्यांना नळकामातली पांढरी टेप गुंडाळली तर झाकण रिंगेपर्यंत पोचत नाही. व्हॅसलिन पेट्रोलियमचं असतं आणि काही रबरांना फुगवतं.

घड्याळ पास झाल्यावरचा वापरही समजून घ्या. ऑटोमॅटिक आहे, तर रोज घालत राहा म्हणजे चावी उघडावीच लागणार नाही. चावीचे आटे आणि रबर जेवढं कमी फिरेल तेवढं जास्त टिकतं. पावसात, ओल्या हाताने किंवा लोकलच्या गर्दीत वेळ लावायला चावी उघडू नका. कढत पाण्याची आंघोळ टाळा असं म्हणतो त्यामागे कारण आहे. उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते, रबर सैल पडतं. मग बाहेर पंख्याखाली आलात की हवा आकसते आणि आत खेच निर्माण होते. त्याच क्षणी चावीभोवती साबणाचं पाणी असतं, आणि साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असल्यामुळे ते बारीक फटीतही सहज उतरतं. तुमचा लोकलचा प्रवास म्हटला तर घामाचा विचार पावसाइतकाच करायला हवा. घामातलं मीठ चावी आणि केसच्या फटीत वाळतं. आठवड्यातून एकदा, चावी कसलेली आहे याची खात्री करून, साध्या पाण्यात बुडवलेल्या मऊ टूथब्रशने ती फट आणि झाकणाची कड पुसून घ्या.

एवढं करूनही एखाद्या दिवशी काचेखाली थेंब दिसला तर वेळ घालवू नका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका; गरम हवेने पाण्याची वाफ होऊन ती डायलवर आणि केशकमानीवर, म्हणजे मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर बसते. झाकण उघडता येत असेल तर उघडून, नसेल तर निदान चावी आट्यांतून सोडवून, घड्याळ सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी घड्याळजीकडे पोचवा. गोड्या पाण्यानेही दोन-तीन दिवसांत स्क्रू आणि चावीकडचे पोलादी भाग तांबूस होऊ लागतात. समुद्राचं पाणी असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघण्यात अर्थ नाही. मशीन पूर्ण उघडून धुवावंच लागतं.

खर्चाबाबत माझं मत असं. नुसत्या रिंगा बदलून आणि टेस्ट करून काम होत असेल तर जरूर करा. चावी आणि नळी दोन्ही बदलाव्या लागत असतील तर घड्याळ तुम्हाला किती आवडतं यावर ठरवा. भावाने दिलेलं आहे, त्याची किंमत तुम्हालाच ठाऊक. खाचेत खोल खड्डे असतील, झाकणाचे आटे खाल्लेले असतील किंवा काचेची बैठकच तिरकी कोरलेली असेल, तर मी गिऱ्हाइकाला पैसे परत खिशात ठेवायला सांगतो. त्यांना पोहण्यासाठी आणि पावसासाठी खरं घड्याळ हवं असेल, तर 200 मीटरचं कॅसिओ ड्युरो किंवा 100 मीटरचं सेको 5 स्पोर्ट्स घ्यावं. त्यांच्यावरचा आकडा खरा असतो.

बरेच जण याच ओघात वडिलांच्या एचएमटी जनताबद्दल विचारतात. तिची गोष्ट वेगळी आहे. ती हाताने चावी देण्याची आहे, म्हणजे चावी रोज फिरणार. झाकण आणि चावी पाण्याचा विचार करून केलेली नाही, आणि ॲक्रिलिकची काच फक्त ताणावर बसलेली असते. तिच्यात रिंगा कोंबण्याचा आग्रह धरू नका. पावसाळ्यात ती कपाटात ठेवा आणि दिवाळीला काढा.

तुमच्या घड्याळाचं मी असं करेन. आत्ता चावीची तपासणी आणि थेंबाची तपासणी तुम्ही घरी करा. मग ओल्या आणि कोरड्या दोन्ही टेस्टचं यंत्र असलेला घड्याळजी शोधा; कंपनीची सर्व्हिस सेंटर कॉपी घेत नाहीत, तिथे हेलपाटा घालू नका. त्याला सांगा: आधी रिकामी केस 5 बारला, मग तिन्ही ठिकाणच्या रिंगांपैकी गरजेच्या बदलून पुन्हा 5 बारला, मशीन बसवल्यावर कोरडी टेस्ट, झाकण एसीत. 5 बार मागायचं कारण, पावसाला एवढा दाब लागतो म्हणून नव्हे, तर रबर थकल्यावरही हाताशी काही शिल्लक राहावी म्हणून. टेस्ट यंत्राचा कागद मिळत असेल तर तारखेसह घ्या. पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी फक्त कोरडी टेस्ट, आणि झाकण कुठल्याही कारणाने उघडलं, अगदी वेळ पुढे-मागे जाते म्हणून मशीन जुळवायला उघडलं तरी, त्याची रिंग नवी घालायची आणि टेस्ट पुन्हा करायची.